बुजवलेली भेग दरवर्षी त्याच रेषेत का उघडते? बाहेरच्या भिंतीचं समस्या निवारण

मे महिन्यात मिस्त्री येतो, बाहेरच्या भिंतीवरची भेग खरवडतो, तीत पांढरं सिमेंट भरतो आणि वरून रंगाचा एक हात मारतो. श्रावणात आतल्या खोलीत कपाटामागे ओल दिसते. दिवाळीत बाहेर जाऊन बघावं तर भेग तिथंच, त्याच रेषेत, कधी कधी बुजवलेल्या मालाच्या अगदी कडेने. पुढच्या मेमध्ये मिस्त्री बदलतो. माल तोच राहतो.

अशा वेळी दोष सिमेंटच्या कंपनीला किंवा गवंड्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. जी भेग हलते आहे तिच्यात न हलणारा माल भरलेला असतो. पांढरं सिमेंट, पुट्टी, साधं १:३ चं (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मसाल्याचं मिश्रण हे सगळं वाळलं की दगडासारखं होतं. भिंत उन्हात अर्धा मिलिमीटर सरकली तरी ते तुटणार, नाहीतर एका बाजूने सुटणार. म्हणून भेगेत काय भरायचं हा प्रश्न नंतरचा. आधी ती हलते का आणि कशामुळे हलते, ते बघायचं.

आधी ती जिवंत आहे का ते तपासा

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. मध्यावर, भेगेला आडवी, प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर रुंद पट्टी लावा. बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात ती टिकत नाही, त्यामुळे हे काम पाऊस संपल्यावर करायचं, किंवा भेग आरपार असेल तर आतल्या बाजूने. पूर्वीचे लोक काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना सिमेंटने चिकटवायचे. काच तडकली की भिंत हलतेय हे कळायचं. काही महिन्यांनी पट्टी शाबूत असेल आणि भेग टोकाच्या खुणेपुढे गेली नसेल, तर ती झोपलेली भेग. तिला साधा माल चालतो. पट्टी तडकली तर साध्या मालाचा विचार सोडून द्या.

रुंदीही मोजून ठेवा. भारतीय मानक संस्थेने (आताचं भारतीय मानक ब्यूरो) १९८४ मध्ये इमारतींच्या तड्यांवर एक हस्तपुस्तिका काढली, एसपी २५. तिच्यात १ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे बारीक, १ ते २ म्हणजे मध्यम आणि २ च्या वर म्हणजे रुंद, अशी सरळ वर्गवारी आहे. पण एकट्या रुंदीवर जाऊ नका. बारीक पण आरपार गेलेली भेग ही रुंद पण फक्त गिलाव्यातल्या भेगेपेक्षा जास्त पाणी आत आणते.

भेग गिलाव्यातली की भिंतीतली, हे कळायला भेगेच्या दोन्ही बाजूंना हातोडीच्या दांड्याने हलके ठोका. आवाज पोकळ आला तर गिलावा विटेपासून सुटलाय. तेवढा भाग काढल्याशिवाय त्यावर केलेलं कुठलंही काम टिकणार नाही. गिलावा काढल्यावर आतल्या विटेतही तीच रेषा दिसली, तर दुखणं खोल आहे.

बीम किंवा कॉलमच्या कडेने सरळ रेष

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात. आरसीसीचा सांगाडा आणि मधे विटांची किंवा ब्लॉकची भिंत, असं ज्यांचं घर आहे त्यांनी बाहेर जाऊन बघावं. बीमच्या खाली दोरी मारल्यासारखी सरळ आडवी भेग आणि कॉलमच्या कडेने उभी भेग. घराची चौकटच भिंतीवर रेखलेली दिसते.

काँक्रीट आणि वीट तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. शिवाय बीमखालचा विटांचा शेवटचा थर गवंडी घाईत बसवतो, वरच्या फटीत मसाला नीट ठासला जात नाही. भिंत वाळून थोडी बसते आणि फट मोकळी होते. गिलावा या दोन्ही गोष्टींवर एकसंध चढवलेला असतो, त्यामुळे तो बरोबर सांध्यावर फाटतो.

दुरुस्तीला दोन वाटा आहेत. कोणती घ्यायची ते वरच्या पट्टीच्या चाचणीवर ठरतं.

भेग थांबली असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ सेंटिमीटर गिलावा काढा. मशीनने आधी दोन सरळ काप घेतले तर कडा तुटत नाहीत. सांधा छन्नीने २० ते २५ मिलिमीटर खोल मोकळा करा, तारेच्या ब्रशने धूळ काढा आणि पाण्याने धुवा. मग त्यात पॉलिमर घातलेला मसाला लोखंडी पट्टीने ठासून भरा. थापीने वरवर लिंपून चालत नाही. दुसऱ्या दिवशी सांध्यावर जाळी लावायची, दोन्ही बाजूंना किमान १० सेंटिमीटर जाईल अशी, वॉशर लावलेल्या खिळ्यांनी ताणून. सैल जाळी लावली काय आणि न लावली काय, सारखंच. समुद्राजवळ घर असेल तर नेहमीची लोखंडी चिकन मेश टाळा. ती गंजली की गिलावा फोडून बाहेर येते. तिथं सिमेंटसाठीची फायबरची जाळी घ्या.

जाळीवर गिलावा चढवण्याआधी एसबीआर (मसाला चिकटण्यासाठीचं दुधासारखं लॅटेक्स) आणि सिमेंटची पातळ लापशी ब्रशने मारतात. ही लापशी ओली, चिकट असतानाच गिलावा पडला पाहिजे. ती वाळली तर जोड देण्याऐवजी मधे कागद घातल्यासारखं काम करते आणि नवा गिलावा पूर्ण पट्टीने सुटतो. लापशी मारून झाली आणि नेमका तेव्हाच चहा आला, हे साइटवर इतक्या वेळा होतं की मी आता आधी चहा पाजून मगच लापशी कालवायला सांगतो.

भेग अजून हलत असेल तर जाळी आणि गिलावा यांनी काही होणार नाही. तिथं लवचिक सीलंट लागतं, बाहेरच्या कामाला पॉलियुरेथेनचं. सांध्यावर साधारण १० मिलिमीटर रुंद, चौकोनी खाच कापायची. तिच्या तळाशी फोमची गोल दोरी दाबून बसवायची, दुकानात ती बॅकर रॉड म्हणून मिळते. तिच्यावर सीलंट भरायचं, आणि सीलंटची खोली रुंदीच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची. दोरी घालण्याचं कारण काटकसर हे नाही. सीलंट दोन्ही कडांना चिकटायला हवं आणि तळाला मोकळं राहायला हवं. तरच ते रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं की तीन बाजूंनी जखडतं आणि मधे फाटतं. बारीक भेगेत नळीचं तोंड घुसवून सीलंट पिळलेलं अनेकदा दिसतं. ते वर्षभरात साल निघाल्यासारखं निघून येतं.

सिलिकॉन सीलंट इथं नको. त्यावर रंग बसत नाही आणि नंतर दुसरा कुठलाही माल त्या जागेवर धरत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी भेग असेल तर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, भिंतीत दोन्ही बाजूंना पुरेसं शिरलेलं आहे का, हे बघावं लागतं. खालच्या कोपऱ्यातून तिरकी खाली जाणारी भेग साधारणपणे सिलखाली (खिडकीच्या खालच्या कट्ट्याखाली) ताण आल्याने पडते, आणि ती बहुतेक वेळा थांबलेली असते. दोन्हींना कोपऱ्यावर तिरकी जाळी लावून वरच्या पद्धतीने दुरुस्ती चालते. पण खिडकीच्या भेगेकडे बघताना छज्जाखालीही बघा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच नसेल तर पावसाचं पाणी उलट वळून भिंतीकडे येतं आणि सरळ या भेगेत उतरतं. भेग बुजवून खाच करायची राहिली, तर ओल थांबणार नाही.

फक्त वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली आडवी

खालच्या मजल्यावर काही नाही, वरच्या मजल्यावर चारही बाजूंना स्लॅबखाली आडवी भेग, कोपऱ्यांत जास्त. इथं कारण गच्चीवर असतं. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. १० मीटर लांबीचा स्लॅब २० अंशांनी तापला की २ मिलिमीटर वाढला. भिंत तेवढी वाढत नाही, म्हणून स्लॅब तिच्यावरून सरकतो. मार्च-एप्रिलमध्ये नागपूर, अकोला, जळगाव इकडच्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा, वेगळं सांगावं लागणार नाही.

या भेगेला भिंतीवरून कितीही औषध लावलं तरी उपयोग नाही, आधी गच्ची थंड करायची. चांगला उतार असलेली चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी), किंवा ऊन परतवणारा पांढरा थर. स्लॅबची ये-जा कमी झाली की मग भेगेत सीलंट. कठड्याच्या मुळाशी पडणारी आडवी भेगही याच घराण्यातली. तिच्यातून पाणी शिरून खालच्या खोलीच्या छताच्या कोपऱ्यात उतरतं, आणि घरातले लोक बिचारे छत गळतंय म्हणून सगळी गच्ची उकरून काढतात.

पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी

विटांच्या सांध्यांमधून जिन्यासारखी चढत जाणारी भेग दिसली तर भिंतीकडे बघणं सोडा आणि जमिनीकडे बघा. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्राचा नदीकाठ, जिथं जिथं काळी माती आहे तिथं ही हमखास असते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. शेतात एप्रिलमध्ये पडणाऱ्या भेगा जोत्याखालीही पडत असतात. घराचा एक कोपरा खाली-वर होतो आणि भिंत फाटते.

या भेगेचं वेळापत्रक उलटं असतं. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. लोक नेमकी मेमध्ये बुजवतात, म्हणजे ती सगळ्यात रुंद असताना, तीही कडक सिमेंटने. पावसात माती फुगली की भिंतीला मिटायला जागाच नसते, आणि मग शेजारी नवी भेग पडते. भेग बदलली, पण मिस्त्रीला पुन्हा काम मिळालं.

इथं पहिलं काम पाण्याचं. न्हाणीघराचं सांडपाणी, बाहेरचा ठिबकणारा नळ, गच्चीचा पाइप जोत्यापाशीच सोडलेला, यांपैकी काहीतरी त्याच कोपऱ्यात सापडतं. ते दूर न्या. घराभोवती साधारण मीटरभर रुंदीची फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला. म्हणजे जोत्याखालची माती वर्षभर साधारण सारख्या ओलीची राहते. भिंतीला खेटून मोठं झाड असेल तर त्याची मुळंही उन्हाळ्यात पाणी ओढत असतात. एक पूर्ण वर्ष खुणा बघा. मग भेग भरताना ताकदवान मसाला नको, मऊ हवा. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. चुना असलेला मसाला थोडी हालचाल पोटात घालतो. आजकालचे गवंडी चुन्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, पण इथं तोच बरोबर आहे.

भेग ५ मिलिमीटरच्या वर गेली, भिंतीची एक बाजू दुसरीच्या पुढे आली, दारं-खिडक्या अडकायला लागल्या, किंवा खुणा दर महिन्याला पुढे सरकत असतील, तर हे मिस्त्रीचं काम राहिलेलं नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

जाळीदार भेगा

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा सगळ्या भिंतीभर. दिसायला भयंकर, पण बाकीच्यांच्या मानाने किरकोळ. गिलाव्यात सिमेंट जास्त, क्रश सँडमध्ये (दगड भरडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त, किंवा पाणी मारण्यात कसर. पोकळ आवाज येत नसेल तर धुऊन, भेगा भरणारा बाहेरचा प्रायमर आणि लवचिक रंगाचे दोन हात पुरतात. घरातली अ‍ॅक्रिलिक पुट्टी मात्र बाहेर नको. पहिल्या पावसात ती फुगून पोपडे धरते.

तांबूस डाग असलेली भेग: ही बुजवू नका

कॉलम किंवा बीमवर, सळईच्या रेषेत, तांबूस ओघळ असलेली भेग. मुंबईत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे ही फार लवकर येते. आतली सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. वरून सिमेंट लिंपलं तर डाग काही महिने लपतो आणि सळई आत खात राहते.

इथं सैल काँक्रीट फोडून सळई मागूनही मोकळी करावी लागते, तिला चकचकीत होईपर्यंत घासावं लागतं, गंजरोधक लेप द्यावा लागतो आणि पॉलिमर मसाल्याने पुरेसं आवरण परत उभारावं लागतं. सळई बारीक झाली असेल तर जोडीला नवी. कॉलम फोडण्याआधी वरच्या भाराला टेकू द्यावे लागतात. इंजिनियरशिवाय कोणालाही कॉलमला छन्नी लावू देऊ नका, तो कितीही अनुभवी असला तरी. सोसायटीतला फ्लॅट असेल तर हे तुम्ही एकट्याने करायचं कामही नाही. बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीकडे येते. फोटोंसह लेखी अर्ज द्या.

भोकं

भेगांवर सगळे बोलतात, भोकांकडे कोणी बघत नाही. खरं तर बरीच ओल भोकांतून येते. परांचीचे बांबू काढल्यावर राहिलेली भोकं अर्धी वीट कोंबून वर बोटभर गिलावा मारून बंद केलेली असतात. आत पोकळीच असते. ती मोकळी करा, धुवा, ओली करा. बारीक खडीचं काँक्रीट दोन वेळा, मधे एक दिवस ठेवून, ठासून भरा. एकाच वेळी भरलेला माल आकसतो आणि भोवती गोल भेग सोडतो. शेवटचा सेंटिमीटर गिलाव्यासाठी ठेवा.

एसीच्या पाइपचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. बहुतेक ठिकाणी ते सरळ, नाहीतर आतल्या बाजूला उतरतं असतं, कारण ड्रिल मारणारा खोलीत उभा असतो. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर चढली पाहिजे. पाणी झोक्याच्या खालच्या टोकाला गळून पडतं. केबल वरून सरळ आत जात असेल तर पाणी तिच्यावरून चालत घरात येतं. डिश अँटेनाचे बोल्ट कठड्यावर असतील तर तेही बघा. डिश कधीच काढलेली असते, भोकं तशीच.

पिवळा फोम मारून भोक बंद करणं हा नवा शॉर्टकट. आत भरायला ठीक आहे, पण ऊन लागलं की तो भुगा होतो आणि उंदीर तो आनंदाने कुरतडतात. त्यावर सिमेंटचं आवरण हवंच. उंदरांचा त्रास असेल तर मसाल्यात काचेचा चुरा घालण्याची जुनी पद्धत आजही चालते. हातमोजे घाला.

भेगेतून पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर वरून खुडून काही होत नाही. पुढच्या वर्षी तो जाड होऊन येतो. गिलावा फोडून मूळ जिथवर गेलंय तिथवर काढायचं, मगच भरायचं.

चिऱ्याचं घर

कोकणातल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. त्यावर बाहेरून कडक सिमेंटचा गिलावा आणि वर पाणी न सोडणारा रंग चढवला की आत शिरलेलं पाणी अडकतं आणि गिलावा पापुद्र्याने सुटतो. चिऱ्याच्या सांध्यांतून चुना-सिमेंटचा मऊ मसाला भरा, आणि रंग असा निवडा की भिंतीतली वाफ बाहेर जाईल. उघडा चिरा ठेवायचा असेल तर सांधे तेवढे नीट करा आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकं छप्पर पुढे काढा. आजोबांच्या घराला रुंद पडवी असायची ती काही नुसती गप्पा मारायला नव्हती.

कधी करायचं

पाऊस थांबल्यावर भिंत वाळायला महिना-दीड महिना द्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. काळ्या मातीची भेगही याच काळात, कारण तेव्हा ती पूर्ण मिटलेली नसते आणि पूर्ण उघडलेलीही नसते. मेमध्ये करणं भागच असेल तर भिंत सावलीत असतानाच करा. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेली भिंत मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि नवा गिलावा संध्याकाळपर्यंत तडकतो. सात दिवस पाणी मारायचं, सकाळ-संध्याकाळ, आणि त्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसावर द्यायची. सगळ्यांवर दिली की कोणीच मारत नाही. नव्या गिलाव्यावर रंग चार आठवड्यांनी. त्याआधी मारला तर दुरुस्तीची पट्टी रंगातून वेगळी दिसते.

दुसऱ्या मजल्याचं काम शिडीवरून करू नका, करू देऊ नका. परांची किंवा झुल्याचे पैसे द्या. शिडीवर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मसाला ठासता येत नाही, म्हणजे काम कच्चं होतं आणि माणूसही पडतो.

झालं का, ते पाण्याने बघा

रंगाआधी पाइपने पाणी मारून बघा. खालून सुरुवात करायची, एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं, मग हातभर वर. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा हवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. कोकणातला पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याने तिरका येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतीवर पाणी समोरून आणि जोराने मारा, नुसतं शिंपडू नका. आत ओल जिथं उमटेल तिथं खडूने गोल करा. बाहेरची जागा बहुतेक वेळा त्याच्या वरच्या बाजूला, कधी कधी चांगली दोन-तीन फूट अंतरावर सापडते. पाणी विटांच्या सांध्यांतून बाजूलाही सरकतं, त्यामुळे नुसतं सरळ वर बघून थांबू नका. तिथला गिलावा पुन्हा ठोकून बघा, पोकळ निघाला तर तेवढा काढून नवा करा आणि रंगवाल्याला आणखी चार आठवडे थांबायला सांगा.